पीळ

तेहतीस वर्षं शाहूपुरीतल्या बेकरीत
पहाटे तीनला आधी माझे हात उठायचे,
मी मागनं.
पोत्यानं मैदा. बुक्कीखाली दबायचा
आणि ओल्या फडक्याखाली तासाभरात
फुगून वर यायचा, जसा काही झालंच नाही.
मैदा ऐकतो. ओढाल तिकडं येतो.

फ्लॉवर ऐकत नाही.

चौगुलेबाईंनी रिपोर्टवर पेन टेकवलं,
उपाशीपोटी दोनशे चौसष्ट.
"खारी? टोस्ट? नानकटाई?"
म्हटलं, चव तर बघायला लागतीच की.
त्या हसल्या नाहीत.

मग नात आली सुट्टीला, राजसी.
"आजोबा, पिझ्झा. पण तुम्ही खाणार असाल तरच."
ही अट कुणी पढवली ते मला ठाऊक आहे.
ती पलीकडं लसूण सोलत बसली होती, मान खाली.

कपिलतीर्थात गेलो. शमशुद्दीन बागवान म्हणाला,
"मामा, आठवड्यात तिसऱ्यांदा फ्लॉवर?
घरात बारसं हाय काय?"
त्याला काय सांगणार.
घासाघीस न करता दोन गड्डे घेतले,
त्याचाच त्याला जास्त संशय आला.

किसला. मीठ लावून ठेवला.
पंच्यात बांधून पिळला.
वाटी भरली. दुसरी लावली.
एवढा पांढराशुभ्र, कोरडा दिसणारा गडी,
आत एवढं पाणी धरून बसलेला!
"अजून पिळा," वत्सला म्हणाली,
"सगळा पीळ स्वतःपाशीच ठेवू नका."

पहिला तव्याला चिकटला.
उलथन्यानं खरवडून भुर्जी म्हणून खाल्ला.
दुसरा उचलला तर मधोमध मान टाकली.
मग हात आपोआप फळीवरच्या डब्याकडं गेला,
चिमूटभर, नुसतं बांधायला, कुणाला कळतंय.
डबा उघडला.
आत जवसाची पूड.
मैदा कधी गेला, कुठं गेला,
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

"सरका," म्हणाली.
जवस घातलं, एक अंडं फोडलं,
पंचा भिजवून पाटावर अंथरला
आणि गोळा थापायला लागली बोटांनी,
थालिपीठ थापावं तसा, कडेनं आत, कडेनं आत.
"लाटायचं नसतं याला. ओढायचं तर नसतंच.
जिथं आहे तिथंच धीर द्यायचा."
तेहतीस वर्षांत मला कुणी
पिठाबद्दल काही शिकवलं नव्हतं.

भट्टी नाही. बिडाचा तवा, वर ताट.
एक बाजू तांबूस झाल्यावर उलटला,
श्वास धरून, सुनेच्या बाळंतपणाला
दवाखान्याबाहेर धरला होता तसा.
वर टोमॅटो, खाली घरची चटणी,
चटणीशिवाय काय, आपण कोल्हापूरचे,
ढबू मिरची, चीज किसून.
राहिलेल्या वांग्याच्या जाड चकत्यांवर पण तेच.
वांगी जास्त चांगली झाली, खरं सांगायचं तर.

राजसीनं तुकडा उचलला, तो वाकला,
तिनं खालनं दुसरा हात लावला.
चावली. विचार केला.
"हा पिझ्झा नाही."
थोड्या वेळानं, "अजून आहे?"
मी चमच्यानं खाल्ला. गरम होता. बरा होता.
कुरकुरीत म्हणाल तर नाही.
खोटं कशाला बोलू, मला पावाची आठवण आली,
आणि ती चमच्यानं जात नाही.

पहाटे तीनला हात उठले.
खिडकीतनं बेकरीचा वास आला,
पहिली ताटं बाहेर निघाली असणार,
आता तिथं कोण मळतंय, देव जाणे.
अंधारात जरा वेळ बसलो,
मुठी उघडत, मिटत.
मग पाणी प्यायला उठलो,
तर मोरीवरच्या दोरीवर पंचा वाळत होता,
कडक झालेला,
झटकला तरी घड्या सुटेनात,
आदल्या दिवसाचा माझा पीळ
तसाच्या तसा त्यात.