दिवा लागते, पण बोलत नाही

नवतपाचा चौथा दिवस. मोदी नंबर तीनची गल्ली
दुपारी दोनला नुकती भट्टीतून काढलेली.
इतवारीहून ई-रिक्षानं वेणू निखारे आल्या,
मांडीवर ॲम्प्लिफायर,
त्यावर ओला दुपट्टा, तापातल्या पोराला टाकावा तसा.

"ओलं काहून टाकलं, काकू?"
"तापते न बाई ते."
आणि मग, हळूच, डॉक्टरला सांगतात तसं:
"दिवा लागते, पण आवाजच नाही येऊन राहिला.
तीन वर्षं झाली."

बारा किलो. बाबा म्हणायचे,
जुनं यंत्र आधी वजनानं ओळख, मग वासानं.
जळका वास नव्हता.
झाकण काढलं तर ट्रान्सफॉर्मरवर सूत:
गुलाबी, मऊ, मांजराच्या पोटासारखं.
मागघरातलं. माग विकून झाल्यावरही
इथं बसून राहिलेलं.

फ्यूज शाबूत.
सिरीजमध्ये शंभराचा बल्ब लावला,
तो भगभगला आणि निवला, म्हणजे शॉर्ट नाही.
चार सेकंदांनी रिले, टक्.
आउटपुटला सतरा मिलिव्होल्ट, एवढं चालतं.
माझे स्पीकर जोडले. गप्प.
वायरी बदलल्या. गप्प.
दुकानाचा रेडिओ ट्यूनरच्या खोबणीत घातला,
व्हॉल्यूम फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेला,
खरखरसुद्धा नाही.

मग मागची पट्टी उपसली,
प्री आणि मेन यांना बांधून ठेवणारी,
आणि मेनच्या भोकात ओलं बोट ठेवलं.

घुंऽऽऽ

दोन्ही स्पीकर एकदम, कूलरच्याही वर.
काकू स्टुलावरून उठल्याच. "बोलला!"
"नाही काकू. ती मी होते."

म्हणजे मागचा अर्धा जिवंत.
पट्टी परत बसवली, पुढचा अर्धा शोधत बसले.
कॅपॅसिटर फुगलेले नाहीत.
टाक्यांवर भिंग धरलं, एकेक टाका, डोळ्यांत घाम,
दोन टाके उगाच नव्यानं मारले, हात रिकामा राहू नये म्हणून.
काकू सांगत होत्या:
फॅक्टरीतून सुटले की हे कॅसेटी भरत बसायचे.
मागाचा खटखटाट भरला, पोरीचे पाढे भरले,
शेजारच्या सोनकुसरे आजीचा खोकला भरला,
ती म्हणायची, माझा फोटो नाही न, हे तरी राहू दे.
टेप-डेक?
तो पोरानं भंगारात दिला. दिवाळीच्या साफसफाईत.

हात थांबला.
पुढच्या पट्टीवर, बटणांच्या रांगेत,
काडेपेटीच्या गुलाएवढा एक खटका
आत दबलेला.
टेप मॉनिटर.

तो आत असला की यंत्र रेडिओ ऐकत नाही,
तबकडी ऐकत नाही, माझं बोटही ऐकत नाही.
फक्त डेक काय पाठवतो तेवढंच.
अडीच तास मी याला आजारी समजले होते
आणि हा तीन वर्षं कान लावून बसलेला,
भंगारात गेलेल्या डेककडे.

खटका सोडला.
आणि व्हॉल्यूम शेवटाला होता हे विसरले.
"कळमना बाजारात तुरीची आवक..."
एवढं सगळ्या गल्लीनं ऐकलं.
समोरचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन ओरडला, काय बे!

आवाज कमी केला. काकू हसत नव्हत्या.
"काय झालं होतं?"
"काही नाही. खटका दाबलेला होता."
"कोणं दाबला?"
मी स्क्रू गोळा करत राहिले.
"त्यांनीच," त्या म्हणाल्या. "मी तर पुसतानाही
बटणाला हात लावत नाही."

जरा वेळानं:
"एकदा परत दाबून पाय न."

दाबला.
तूर गेली. कूलरची घरघर राहिली,
आणि स्पीकरमध्ये अगदी बारीक, कान नेला तरच, सळसळ.
त्यांनी कान नेला.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"बस," म्हणाल्या. "काढ आता."

बिलावर लिहिलं: तपासणी, सफाई. दोनशे.
त्यांनी अडीचशे ठेवले, मी पन्नास परत केले, त्यांनी घेतले.
ब्रशनं काढलेलं सूत पेपरवर होतं.
चिमूटभर उचलून उजेडात धरलं त्यांनी.
"हा रंग एकोणनव्वदचा. धुतला की उतरायचा,
गिऱ्हाईक शिव्या द्यायचे,"
म्हणाल्या, आणि बोटं झटकली.