तीन चौकोन, मग पाच

मेन रोडवर अठराशेचं तेराशेला केलं घड्याळ.
पट्टा बदलून दे म्हटलं, तर दुकानदार म्हणाला,
ताई, एवढ्यात पट्टाच येतो, घड्याळ फुकट दिलंय.

ऋजुताने ते फोनला जोडलं.
जोडलं म्हणजे, दोघांनी एकमेकांना ओळखायचं
आणि दहा-बारा पावलांपलीकडे जायचं नाही.
सप्तपदीत एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

हवामान ते अजून नागपूरचं दाखवतं.
सातपूरला पहिल्या पाळीत दात वाजत असतात,
मनगटावर एकतीस.

पॅकिंगला मी आठ तास एका जागी उभी.
खोका उघड, टेप ओढ, बाजूला सार.
त्या ओढण्याला ते पाऊल समजतं.
सुटी होईस्तोवर अकरा हजार.
एवढ्यात गंगापूर धरण आलं असतं,
पाण्यात पाय सोडून बसले असते.

एकदा ऋजुताने ते दुधी भोपळ्याला बांधलं:
ठोके चौऱ्याहत्तर.
हे पेपरातून मान न काढता म्हणाले,
"तुझ्या आईपेक्षा शांत आहे."
भाजी त्या दिवशी मी जरा जपूनच चिरली.

फोन आत नेता येत नाही.
गेटवर कप्पे आहेत, माझा एकोणतीस.
पण कप्प्यांच्या भिंतीला लागूनच आतला कूलर,
तिथे उभं राहिलं की दोघांची ओळख पुन्हा पटते
आणि अडलेलं सगळं एकदम मनगटावर थडकतं.
गांगुर्डे साहेब म्हणतात, बाई, तुम्हाला तहान फार.

मराठी मात्र त्याला येत नाही.
बँकेचं इंग्रजी येतं, सिलिंडरचं येतं,
यांचं काही आलं की नुसते चौकोन,
सिडकोतल्या घरांसारखे, एकाला एक चिकटून.
हे स्कूलव्हॅन चालवतात. मुलं सोडून झाली की
झाडाखाली गाडी लावून एका बोटाने लिहितात.
बावीस वर्षांत तोंडाने बोलले नसतील
एवढे चौकोन.

ऋजुता म्हणाली, आई, काना-मात्रेलाही
वेगळा चौकोन धरतं ते. अनुस्वारालासुद्धा.
तेव्हापासून मी मोजते.
दोन म्हणजे "हो".
चार आणि दोन, "भाजी आण".
सहा आणि दोन, "जेवलीस का",
ते एकदाच आलं. नेमका माझा उपास होता.

मंगळवारी भांडण झालं. दुधावरून.
म्हणजे सुरुवात दुधावरून,
मग ते ओझरला माझ्या माहेरापर्यंत गेलं.
कोरा चहा तसाच ओट्यावर ठेवून मी निघाले.

अकराच्या सुमाराला, कूलरपाशी:

□□□ □□□□□

टेप ओढता ओढता बोटांवर लावून पाहिलं.
मीच चुकलो.
म, वेलांटी, च.
च, उकार, क, ल, ओकार.
बसलं.
हिराबाई म्हणाली, काय गं, लाल का झालीस?
ठोके एकशे चार.

मग दुसरंही लावून पाहिलं,
संसार बावीस वर्षांचा आहे.
दूध आणलंय.
द, उकार, ध.
आ, ण, ल, अनुस्वार, य.
तेही बसलं.

तीन खोके मी उलटे चिकटवले.
परत कूलरकडे गेले नाही,
घसा कोरडा पडला तरी.

सुटल्यावर एकोणतीस नंबर उघडला,
फोन तसाच पर्समध्ये टाकला,
पपया नर्सरीच्या स्टॉपपर्यंत चालत गेले,
खरी पावलं, पायांची.
बसमध्ये खिडकी मिळाली तेव्हा बघितलं.

दूध आणलंय.

त्र्यंबक नाका आला, गेला.
मी ते पुन्हा वाचलं, बोटांवर, सावकाश.
तीन. मग पाच.
दोन्ही बसत होतं.

घड्याळ थरथरलं.
खुर्चीतल्या माणसाचं चित्र: फार वेळ बसलात, उठा.
आठ तास उभ्या असलेल्या बाईला सांगत होतं.
मी नाही उठले.