द्वंद्व समास

आमचं वाचनालय माहीमला, पिठाच्या गिरणीवर.
दुपारी दळण सुरू झालं की कपाटं थरथरतात
आणि पुस्तकांवर ज्वारीचा बारीक थर बसतो.
माझं काम परत आलेलं पुस्तक झटकायचं,
दंडाची पावती फाडायची,
कुणी पेन्सिलीनं समासात काही लिहिलं असेल
तर खोडायचं.

वर्षाला दोन खोडरबर पुरायचे.
मग आली ‘बायोडेटा आणि बटाटेवडा’.

नायिका रेवा, वय एकतीस, राहणार बोरिवली.
पान चव्वेचाळीसवर ट्रायल रूममध्ये
तिच्या ड्रेसची चेन अडकते,
किमतीचं लेबल लोंबकळत ती बाहेर येते,
तर समोर उभी नेमकी
परवा बघून गेलेल्या मुलाची आई.

राजाध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका,
टोक काढूनच वाचायला बसतात :
‘विनोद ओढूनताणून. शुद्धलेखन अक्षम्य.
एवढ्या कागदात पाचवीच्या वर्गाच्या वह्या झाल्या असत्या.’

त्याखाली तिरकं, घाईचं अक्षर.
नीलोफर मुकादम, रात्रपाळीची नर्स.
तिच्या हातून आलेल्या पुस्तकाला डेटॉलचा वास असतो :
‘बाई, पहाटे तीनला वॉर्डात एवढी हसले
की सात नंबरचा पेशंट जागा झाला.
मग त्यालाही वाचून दाखवलं.
आता पुढचं ऐकल्याशिवाय डिस्चार्ज नको म्हणतो.’

बँकेतले भंडारे, हिशोबी :
‘ही मुलगी नोकरी करते म्हणे.
नव्वद पानांत एकदाही ऑफिसला जात नाही.’
समोरच्या पानावर कुणीतरी :
‘जाते. पान एकसष्ट. तुम्ही पानं गाळलीत.’

धुरंधरकाका पुस्तक बायकोच्या नावावर नेतात.
काकू गेल्या आठ वर्षांत
लोणच्यांच्या पुस्तकापलीकडे गेलेल्या नाहीत.
काका मत देत नाहीत.
नुसतं ‘हा हा’,
आणि खाली तारीख, वेळ.

बाईंनी तीस वर्षं मुलांना शिकवला द्वंद्व समास,
खरेखोटे, बरेवाईट, पासनापास.
आता त्याची उदाहरणं
त्यांच्याच हाताने कागदाच्या कडेला.

मी खोडते.
खोडलं तरी बाईंचं उमटून राहतं, दाबून लिहितात ना.
दिव्याखाली पान तिरकं धरलं
की ‘अक्षम्य’ अजून वाचता येतं.

मला विचाराल तर शेवट लांबलाय,
आणि तो दाढीवाला डॉक्टर फार लवकर सुधारतो.
पण मला कोण विचारतंय.

पान एकशे सदतीस मात्र वेगळं.
धाकट्या बहिणीचं लग्न लावून रेवा घरी येते,
पैठणीतच ओट्याशी उभी राहून गार वडा खाते.
आई दिवा लावत नाही.
काही बोलत नाही.
चटणीची वाटी पुढे सरकवते.

इथे कुणी काहीच लिहिलेलं नाही.
भंडारे नाहीत, काकांचं हा हा नाही.
फक्त पान मऊ पडलंय, धुतलेल्या रुमालासारखं,
डेटॉलचा वास इथे जास्त आहे,
आणि समासात एक टिंब,
टोकदार,
टेकवून बराच वेळ थांबल्यासारखं.

परवा कमिटीनं विचारलं, एका वर्षात नऊ खोडरबर?
म्हटलं, ज्वारी फार उडते हो.

तेवढ्यात राजाध्यक्षबाई आल्या.
चष्मा पुसला, भलत्याच कपाटाकडे पाहत म्हणाल्या,
‘त्या बाईचा दुसरा भाग निघालाय म्हणे.
या वेळी तरी प्रुफं कुणी नीट तपासलीयत का, बघायला हवं.’

‘नंबर लावू?’
‘लाव. माझ्या आधी कोण आहे?’
‘मुकादम.’
‘हं.’
थोडं थांबून :
‘तिला सांग, लवकर परत कर.
आणि पेशंटला सगळं सांगून टाकू नकोस म्हणावं,
सात नंबरला
परवा माझी वहिनी ठेवलीय.’