परतीचा माल

नाझिब्रोला चव बघते ती करंगळीने.
पातेल्यात बुडवते, जिभेला लावते.
डावा डोळा मिटला तर मीठ कमी,
दोन्ही मिटले तर झालं.
बादरी म्हणाला, हे कागदावर कसं लिहायचं?

बादरी सुपरमार्केटचा माणूस. कुताइसीहून आला होता,
आमच्या अंगणातला चिखल बुटांना लागू नये म्हणून
दगडादगडावरून उड्या मारत.
खिशात पेनाएवढं यंत्र.
त्याला आंबटपणा आकड्यात कळतो.
तीन पूर्णांक चार, तो म्हणाला. दर खेपेला तीन पूर्णांक चार.
मी म्हटलं, पाटाकडेचा आलुबुखार दात आंबवतो,
शाळेमागचा मवाळ आहे,
आणि ज्या वर्षी मे महिन्यात गारा पडतात
त्या वर्षी कोण कुणासारखं वागेल सांगता येत नाही.
त्याने वहीत लिहिलं, 'झाडं',
आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

तरी आम्ही शिकलो.
लसूण मुठीने नाही, ग्रॅमने.
झाकण दाबलं तर वाजता कामा नये,
उघडलं तर वाजलंच पाहिजे.
ओढ्याकाठी वाकून वाकून खुडलेला रानपुदिना,
ज्याच्याशिवाय त्केमाली म्हणजे नुसतं आंबट पाणी,
तो लेबलावर झाला 'सुगंधी वनस्पती, एक टक्का'.
खाली काळ्या रेघांची पट्टी.
तिच्यात माझं नाव आहे म्हणतात,
मशीनने वाचल्यावर मशीनला कळतं.

डोळ्यांसमोरच्या फळीचं भाडं वेगळं.
कमरेइतक्या फळीचंही वेगळं.
आम्हाला परवडली ती सगळ्यात खालची,
फरशीपासून वीतभर.
म्हणजे आमची त्केमाली दिसायची तर
माणूस वाकला पाहिजे
किंवा मुळात बुटका असला पाहिजे.

झाउरीच्या गाडीतून तीनशे बरण्या गेल्या.
गाडीला मेंढ्यांचा वास, म्हणून खाली जुनी गोधडी.
पैसे साठ दिवसांनी म्हणाले.
साठ दिवस मी मोजले.
त्यांचे साठ माझ्या साठाहून लांब निघाले.

ऑक्टोबरात परत आल्या एक्केचाळीस.
चाळिसांवर शिक्का, मुदत संपली.
त्यातली एक त्याच रात्री उघडली,
मक्याची भाकरी होती, गरम, थोडी करपलेली.
टक् वाजलं.
नाझिब्रोलाने करंगळी बुडवली
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
जुलैत जे एकमेकांशी भांडत होतं,
लसूण, पुदिना, हिरवी फळं,
ते आता एका ताटात जेवत होतं.
मुदत कुणाची संपली होती
हे बादरीला विचारायला हवं होतं, पण त्याचा फोन लागत नाही.

एक्केचाळिसाव्या बरणीला वेगळा कागद.
'सील तुटलेले. दुकानात नुकसान. सात लारी वजा.'
मी संतापले. माझं झाकण सैल नव्हतं,
माझा हात अजून दुखतो आवळून आवळून.
उघडून पाहिली.
कडेने पांढरी बुरशी.
आणि तिच्याखाली, काचेला चिकटून वाळलेला,
वरपासून खालपर्यंत ओढलेला
एका बोटाचा ओरखडा.
घाईघाईतला. मग झाकण तिरपं लावून
बरणी होती तिथे ठेवलेली, लेबल पुढे करून.

नाझिब्रोलाने काचेवर आपली करंगळी धरून पाहिली.
तिच्याहून बारीक होतं ते बोट.
वीतभर उंचीवरची फळी.
गल्ल्यापर्यंत ज्याला धीर धरवला नाही असं कुणीतरी,
आई पाव निवडत असताना.

बरणी धुतली. वास दोन दिवस गेला नाही.
बादरीचा कागद मात्र टाकला नाही.
'सात लारी वजा' याच्यापुढे
पेन्सिलीने लिहिलं, भरून पावले,
आणि सही केली, रेघांची नाही, माझी, ग्वांत्सा.

मागे नाझिब्रोलाचं एकच चाललं होतं,
एक मिटला असेल गं त्याचा,
की दोन्ही?