पाच की सात

तिसरा रॅक, ट्रे अकरा, नमुना एकशे चौदा.
जांभळ्या शाईतलं लेबल: ऱ्होडोनाइट, जिल्हा भंडारा.
कुणी लिहिलं ते आता कुणालाच सांगता येत नाही.

बावीस वर्षं मी तो पुसत आलो.
आपल्याकडं दगड म्हणजे काळा.
जोतिबाचा डोंगर काळा, पंचगंगेचा घाट काळा,
आमच्या कॉलेजचा पायासुद्धा काळा.
त्यात हा एक, आतून लाल पेरूच्या फोडीसारखा,
वरून मात्र दर साली थोडा काजळत जाणारा.
मला वाटायचं, माझंच फडकं घाण असेल.

देशिंगकर मॅडम म्हणाल्या, "नाही हो भरमू,
हवा लागली की मँगनीज काळवंडतं."
चाकूनं ओरखडा जेमतेम उठला,
गारगोटीनं सहज.
कसावर घासला तर पांढरी रेघ.
पाण्यात टांगून तोलला: साडेतीनच्या वर, चारच्या आत.
"यातलं काहीच फितूर होत नाही," मॅडम म्हणाल्या,
"दोघांचं सारखंच येतं. सख्खी भावंडं आहेत."

मग त्यांनी फळ्यावर काढलं.
मधे एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन,
हे झालं एक घर.
शेजारच्या घराशी एक कोपरा सामाईक,
त्याच्या शेजारच्याशी आणखी एक.
अशी साखळी. पण सरळ नाही, पीळ घेत जाणारी.
दोन घरांनी पहिल्या वळणावर आली तर पायरॉक्सीन,
तिसऱ्यानं आली तर बुस्टामाइट,
पाचव्यानं ऱ्होडोनाइट,
आणि सातव्यानं आली तर...
खडू मोडला. त्यांनी उरलेल्या तुकड्यानं लिहिलं:
पायरॉक्समँगाइट.

मी हुपरीचा.
साखळी कुणी मला फळ्यावर शिकवायची?
आमच्या सोप्यात दिवसभर आई
चिमट्यानं कडीत कडी घालायची,
टाकणखाराचा थेंब, फुंकणीची ज्योत, डाग बसला की पुढची.
पेठेत पैंजणांचा ढीग पडला असला
तरी ती बोटानं चाचपून सांगायची,
"हे शिरगोंडाच्या सुनेचं. सहाव्या कडीला मनगट वळतंय तिचं.
हे माझं."
आईचं कितव्या कडीला वळायचं, हे मी कधी विचारलं नाही.

नखाएवढा तुकडा काढला, खलात कुटला,
पूड पाकिटात घालून क्ष-किरणांना पाठवली.
दीड महिन्यानं कागद आला.
शिखरांची रांग, कोल्हापूरच्या बाजूचे डोंगर कुणी थरथरत काढावेत तशी.
मॅडमनी तक्ता शेजारी ठेवला, बोट फिरवलं, परत फिरवलं.
"सात आहेत," त्या हळूच म्हणाल्या,
जसं कुणी झोपलेलं होतं खोलीत.

म्हणजे बावीस वर्षं
मी त्याला भावाच्या नावानं हाक मारली.
परीक्षेत किती पोरांनी ऱ्होडोनाइट लिहून मार्क घेतले,
एकानं, हातकणंगल्याच्या, 'माहीत नाही' लिहिलं होतं.
त्याला शून्य मिळालं. उत्तरपत्रिका मीच गठ्ठ्यात बांधली.

त्या रविवारी गावाकडं गेलो.
आईला आता दिसत नाही,
पण हात रिकामे राहू देत नाही ती,
जुनी तोरडी घेऊन कड्या मोजत बसते.
मी तिला दगडाचं सांगितलं. तीन बाजू, तिन्ही वेगळ्या लांबीच्या,
काटकोन एकही नाही,
रंग गुलाबी, हवेत काळा पडतो.
"मग चांदीचाच की रं तो," ती म्हणाली,
"चिंचेनं घासलास का?"
मी म्हटलं, घासायचं नसतं.
"बरं. आणि नाव कुणी चुकवलं?"
कुणी नाही, आई. डोळ्यानं कळण्यातलं नव्हतं ते.
ती हसली. तोरडी माझ्या हातात दिली:
"मोज."

मला वळण सापडेना.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून.
कुठं पाच लागले, कुठं आठ,
एके ठिकाणी नुसती गाठ, उघडी, डाग न दिलेली.
"तिथं तू रडत उठला होतास," ती म्हणाली.

सोमवारी नवं लेबल लिहिलं, काळ्या शाईत,
सगळी जोडाक्षरं नीट.
जुनं फेकवेना.
ते दगडाखाली ठेवलंय, तोंड खाली करून,
आणि ट्रे आत सारताना
हल्ली मी जरा सावकाश सारतो.