हातगुण

डिडकॉटच्या वीजकेंद्राची धुरांडी
एका पहाटे सुरुंग लावून पाडली,
तिथून तीन मैलांवर माझं टेबल.
प्रयोगशाळेतून जे जे माझ्यापुढे येतं
त्याला मी एकच विचारते :
तुझा उपयोग काय, आणि विकत कोण घेईल?

एका मंगळवारी आला स्फटिक,
सुपारीच्या खांडाएवढा, काळसर,
मरणाऱ्या एका ताऱ्याचे क्ष-किरण मोजायला वाढवलेला.
उपग्रह उडालाच नाही. पैसे आटले.
डॉक्टर थर्झा लॅम्बर्न अकरा वर्षांचं काम
सँडविचच्या डब्यातून घेऊन
लग्नाच्या बोलणीला आल्यासारख्या बसल्या, अवघडून.

रेडिंगहून दोघे तरुण आले. पांढरे बूट,
बोलण्यात दर तिसरं वाक्य गुंतवणूकदाराचं.
त्यांना तारा नको होता.
त्यांना हवा होता तांदळातला खडा,
डाळीतली काच, गिरणीचा पट्टा न थांबवता.
(आमच्याकडे यासाठी सूप असतं,
हे मी म्हणाले नाही.)

फॉर्म क्रमांक चार : शोधात कुणाचा वाटा किती?
लॅम्बर्न साठ. त्यांचा विद्यार्थी पंचवीस.
आता ओरेगनमध्ये असलेला एक जुना सहकारी, पंधरा.
बेरीज शंभर.
बेरीज इतकी चटकन जुळली
की मला जरा चुकल्यासारखं होतं.

करार झाला, विक्रीवर तीन टक्के रॉयल्टी.
कंपनीचं बारसं झालं, नावात कारण नसताना एक एक्स,
कागदी पेल्यांतून कोमट शॅम्पेन.

सातव्या महिन्यात फोन : स्फटिक तडकतायत.
पेटंटात आहे तेच तापमान, तोच वेग, तोच वायू.
चाळीस वाढवले, एकोणचाळीस गेले.

लॅम्बर्नबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, प्रॉसरला विचारा.

क्लेडविन प्रॉसर. भट्टी सांभाळायचा, एकोणतीस वर्षं.
निवृत्त होऊन वॉन्टेजला कोबी लावतो.
हात मातीचे तसेच ठेवून त्यानं सांगितलं :
शेवटचे दोन तास झाकण किंचित उचलायचं.
किंचित म्हणजे किती?
त्यानं अंगठा आणि बोट समोर धरलं.
एवढं.
मग आभाळाकडे बघून बोट थोडं मिटलं.
आज असती, तर एवढं.
हे लिहून का नाही ठेवलं?
कुणी विचारलं नाही, म्हणाला. आणि ते लिहिण्यासारखं आहे का?

करारात याला नो-हाऊ म्हणतात.
परिशिष्ट ब, दोन ओळी, वकिलाची इंग्रजी.
माझ्या भाषेत शब्द आहे, हातगुण.
वैद्याला असतो, सुईणीला असतो,
तेच रोप, तेच खत, तीच कुंडी,
एकाकडे जगतं, दुसऱ्याकडे माना टाकतं.
पण हातगुण गहाण पडत नाही,
वारसाला देता येत नाही,
आणि त्याचं लायसन्स कसं लिहायचं
हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

चौथा फॉर्म पुन्हा उघडला. प्रॉसर : दहा.
बेरीज एकशे दहा. संगणक घेईना.
ओरेगनहून उत्तर आलं, नम्र, सविस्तर, नकाराचं.
विद्यार्थ्याला घराचे हप्ते होते.
लॅम्बर्नबाईंनी साठाचे पन्नास केले,
पेन माझंच घेतलं, आणि परत द्यायला विसरल्या.

आता लिव्हरपूलच्या गोदीजवळ एका गिरणीत
तांदूळ काळ्या पट्ट्यावरून धावतो
आणि खडा टिचकी मारल्यासारखा बाजूला उडतो.

पहिला चेक पोचला त्या दिवशी प्रॉसरचा फोन.
पैशाचं काही नाही बोलला.
तो तारा, म्हणाला, ज्याच्यासाठी आपण ते करत होतो,
आहे का अजून?

बाईंना विचारून सांगते, म्हटलं.
त्याला आता दोन महिने झाले.