पोहलेली गाडी

उद्यमनगरात दस्तगीरनं सीटखालचा गालिचा उचलला,
बोट फिरवलं, माझ्यापुढं धरलं.
"ताई, गाडी पवून आलीया."

बोटावर पिवळट, मऊ, पिठासारखा गाळ.
कुठला, ते मला सांगावं लागलं नाही.
दुधाळीतल्या आमच्या घरात तो
देवांच्या पाटाखाली सापडला होता,
शिवणयंत्राच्या पोटात,
लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्याच्या चेहऱ्यावर.

दोन लाख पंचाऐंशी हजार.
भिशी, पीएफ आणि एक पाटली.
नेजदार सरांनी चहा पाजला, वर खोबऱ्याची वडी.
बंपरला ताजं लिंबू, आत अत्तराचा घमघमाट.
तेव्हाच कळायला हवं होतं,
एवढा वास माणसं कशावर मारतात.

खेबुडे वकीलबाईंनी चष्मा पुसत सगळं ऐकलं.
"ग्राहक आयोग विसरा. सर काही दुकानदार नाहीत,
घरची गाडी विकलीय त्यांनी.
पोलिसांत अर्ज देता येईल,
पण फसवायचं मनात होतं हे दाखवावं लागतं.
राहिला दिवाणी दावा.
व्यवहार रद्द, पैसे परत, नाहीतर भरपाई.
आधी नोटीस. पंधरा दिवस.
आणि गाडी आता चालवू नका.
चालवलीत, तर पत्करलीत."

मग स्टॅम्पपेपर. खाली माझीच सही:
पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली.
पाहिली होती की.
रंग पाहिला होता.

"तुम्ही त्यांना काही विचारलं होतं?"
मी मोबाईल पुढं केला.
'पुरात गेली नव्हती ना, सर?'
'छे हो ताई, आमच्याकडं पाणी येतच नाही.'
आणि जोडलेले दोन पिवळे हात.

बाई पहिल्यांदा हसल्या.
"हे जपा. हातसुद्धा पुसू नका.
नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक ठरत नाही.
विचारल्यावर खोटं सांगणं, ती ठरते."
माझ्या मसुद्यातली खोबऱ्याची वडी त्यांनी खोडली,
अत्तरही खोडलं. तारखा ठेवल्या.

गाळ मी औषधाच्या रिकाम्या डबीत भरून घेतला होता.
केएमटीत डबी मांडीवर, बावड्यापासून घरापर्यंत.
पुराचा पुरावा, चिमूटभर.

खालच्या खोलीत नवीन भाडेकरू आलाय, जतचा पोरगा.
त्यांच्याकडं पाणी टँकरनं येतं.
खोली दाखवली तेव्हा म्हणाला,
रंग ताजा दिसतोय, काकू.
हो म्हणाले. ताजाच होता.
खिडकीच्या वर हातभर रेघ होती,
तिच्यावर तीन हात दिले होते डिस्टेंपरचे.
त्यानं काही विचारलं नव्हतं.

आज दारात चप्पल काढत होते,
तर तो जमिनीवर बसून खोकी सोडत होता.
"काकू, पुस्तकं खालच्या फळीवर लावली
तर चालतील ना?
पावसाळ्यात इथं काही त्रास नसतो ना?"

नोटिशीची पोच हातात होती,
तिची मी आणखी एक घडी घातली.

विचारलं त्यानं.